‘प्रिय ग्राहक’ म्हणणारा मेल

१९ मे, सोमवार
धडगावहून आमचुराची शेवटची मोठी खेप आली. पोती जीपच्या टपावर, वर ताडपत्री, तरी घाटातली धूळ आत शिरलीच. फोडी मात्र यंदा सुरेख आहेत, पांढऱ्याशुभ्र. वनिता आणि तिच्या गटातल्या बायका तिकडे कैऱ्या सोलून खडकावर वाळवतात. मी इथे नंदुरबारात निवडते, दळून आणते, पुड्या भरते, ऑनलाइन ऑर्डरी सांभाळते. ह्यांची एस.टी.तली नोकरी धडगावला होती तेव्हा वनिता आमची शेजारीण. तिच्याशिवाय हा उद्योग सुचलाच नसता.

एकच घोर. शुक्रवारपासून पैसे अडकलेत. गिऱ्हाइकं भरतात, पेमेंट कंपनीच्या खात्यात दिसतात, पण पुढे बँकेत उतरत नाहीत. शाळा उघडायच्या आत बायकांच्या हातात पैसे देईन असा शब्द दिलाय. वनिताचा आज दोनदा फोन. दुसऱ्यांदा नुसतं “बरं” म्हणाली.

२० मे, मंगळवार
सुटलो एकदाचे!

दुपारी लाइट गेलेली, पुड्या भरत बसले होते. मोबाइलवर मेल आला. पेमेंट कंपनीचाच, त्यांचं चिन्ह वगैरे. ‘प्रिय ग्राहक, आपल्या खात्याची पडताळणी अपूर्ण असल्याने व्यवहार थांबविण्यात आले आहेत. आज सायंकाळपर्यंत पडताळणी न केल्यास खाते कायमचे बंद होईल.’ म्हणजे पैसे यासाठीच अडकले होते! आणि मेल चक्क मराठीत. एरवी ह्या लोकांचं सगळं इंग्रजीत, मला शब्दाला शब्द लावून वाचावं लागतं. बरं वाटलं.

खाली निळं बटण होतं. दाबलं. खात्याचा पासवर्ड मागितला, मग मोबाइलवर आलेला आकडा. हाताला आमचूर लागलेला, एकदा चुकला, पुन्हा टाकला. हिरवी खूण आली – ‘पडताळणी यशस्वी.’

लगेच वनिताला सांगितलं, काम झालं, एक-दोन दिवसांत पैसे. तिने तिकडे कोणाला तरी ओरडून सांगितलं आणि मागे बायकांचा गलका ऐकू आला.

रात्री शेवभाजी केली. आई (सासूबाई) म्हणाल्या, “आज काय सण शे का?”

२१ मे, बुधवार
सकाळी सांगलीच्या मालतीकाकूंचा फोन. तीन वर्षं आमचूर मागवतात. आम्ही कधी भेटलो नाही, पण मेलवर लांबलचक पत्रं चालतात. गुडघा, पाऊसपाणी, आणि त्यांचं मांजर, सोनी. फोन त्या सहसा करत नाहीत.

“शोभा, तू बरी आहेस ना?”

“हो काकू. का?”

“अगं, तुझं पत्र आलंय. ‘प्रिय ग्राहक, आंबा महोत्सवानिमित्त निम्म्या दरात आमचूर, आजच या लिंकवर पैसे भरा.’ तू मला प्रिय ग्राहक कधीपासून म्हणायला लागलीस? सोनीची चौकशी न करता तू पैसे मागशील? मी म्हटलं, एक तर ही पोरगी आजारी आहे, नाहीतर हे पत्र तिचं नाही.”

मी म्हटलं, काकू, मी काही पाठवलं नाही. आणि म्हणता म्हणता कालचा तो मेल डोळ्यांसमोर आला. त्यातही ‘प्रिय ग्राहक’. माझं नाव कुठेच नव्हतं. तीन वर्षांत कंपनीचा प्रत्येक मेल ‘शोभा’ने सुरू झालाय. इंग्रजीत का होईना.

 फोन ठेवायला निघाले.

काकू फोनवरच होत्या. “ठेवू नकोस. आधी तुझं खातं उघडून बघ. पत्रातून नको, नेहमी उघडतेस तसं उघड.”

मेल उघडेना. पासवर्ड बदललेला. पेमेंटचं ॲप नशिबाने माझ्या मोबाइलवर आधीपासून चालू होतं, ते उघडलं. पैसे जमा व्हायचं बँक खातं बदललेलं. माझ्या बँकेच्या जागी कुठल्या तरी परक्या शहरातलं. सकाळीच एक रक्कम तिकडे गेलेली. उरलेली संध्याकाळी जाणार असं दाखवत होतं.

काल आलेला आकड्याचा मेसेज आज पूर्ण वाचला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, ‘बँक खाते बदलण्यासाठीचा आकडा. कोणालाही देऊ नका.’ मी नुसता आकडा बघितला. मागचं पुढचं वाचलंच नाही.

तोच दिवस, संध्याकाळी
लिहून ठेवते, नाहीतर उद्या सगळं एकात एक मिसळेल.

हे डेपोतून धावत आले. मी रडत होते. हे म्हणाले, “तू काय चोरी कयी का? मंग घाबरस कसाले? आते रडाले टाइम नही शे. चाल, मी येस तुन्हा संगे.” मोटारसायकलवर बसून मी सायबर हेल्पलाइनला फोन लावत होते, मागून रिक्षांचे हॉर्न, पलीकडची मुलगी पुन्हा पुन्हा विचारत होती, “मॅडम, शांतपणे सांगा, पैसे किती वाजता गेले?” तिने तक्रार घेतली. नाव विचारायचं राहिलं तिचं.

मग पोलिसांच्या सायबर शाखेत. वळवी मॅडम. माझ्या भाचीच्या वयाच्या असतील. मला वाटलं होतं आता बोलणी खावी लागणार, एवढी शिकलेली बाई आणि असं कसं केलंत. त्यांनी खुर्ची दिली, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, “पहिल्या बटणापासून सांगा. लाजून काही गाळू नका, गाळलेलंच नेमकं लागतं.”

सगळं सांगितलं. त्या एकीकडे टाइप करत होत्या, एकीकडे फोन. पेमेंट कंपनीचा खरा नंबर त्यांनी ॲपच्या आतून काढायला लावला. मी त्या खोट्या मेलमधला, कालच लिहून ठेवलेला, देत होते! म्हणाल्या, “चोराच्याच घरी चौकशी करायला निघालात का?” ह्यांना हसू आलं. मलाही. त्या अवस्थेत.

कंपनीने खातं गोठवलं. संध्याकाळची रक्कम वाचली. वाचली!

सकाळची गेलेली जिथे गेली त्या बँकेला कळवलंय. अजून कोणी काढली नसेल तर अडकवून ठेवतील. मॅडम म्हणाल्या, “काकूंचा फोन दुपारी आला असता तर मी एवढंही बोलले नसते.”

काकू, तुमच्या सोनीला शंभर वर्षं आयुष्य मिळो.

२२ मे, गुरुवार
वनिताला सांगितलं नाही. फोन हातात घेतला, ठेवला. पुन्हा घेतला, रेंज नाही. रेंज नव्हती ह्याचं बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याचं वाईट.

बायकांचा तो गलका कानातून जात नाही.

मेल परत मिळाला, मॅडमनी सांगितलं तसं करत करत. पेमेंटला आणि मेलला एकच पासवर्ड ठेवला होता मी, शेवटच्या एका आकड्याचा फरक. एका किल्लीने दोन्ही कुलपं उघडली त्यांनी. आता दोन्हीचे वेगळे, आणि दुसऱ्या फोनवरून उघडायला गेलं तर माझ्याकडून होकार लागतो.

आईंनी ताट आणून समोर ठेवलं. “काय व्हयनं वं पोरी? जेवी ले.” सांगितलं तेव्हा त्यांना अर्धं समजलं. मग म्हणाल्या, “त्या बायास्ले सांगं का?” नाही म्हटलं. त्या ताटापाशी बसून राहिल्या.

२३ मे, शुक्रवार
सांगितलं. सकाळीच.

वनिताने एकच विचारलं –

“सगळे गेले?”

“सगळे नाही. थोडे गेले, बाकीचे वाचले. पण खातं सुरू होईपर्यंत तेही हातात येणार नाहीत.”

“बायकांना मी काय सांगू?”

“खरं सांग.”

“ते मी एकटी नाही सांगणार. तू यायचं आणि तू सांगायचं. आधी मी येते तिकडे.” फोन बंद.

तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. तिच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते.

२४ मे, शनिवार
वनिता पहिल्या जीपने आली. धडगावचा घाट उतरून, गर्दीत अंग चोरून बसून आलेली, केसांवर लाल धूळ. चहा घेतला नाही आधी. म्हणाली, “मंगळवारी झालं. बुधवारी कळलं. मला शुक्रवारी का?”

“भीती वाटली.”

“मला त्याचा राग आलाय. पैशाचं नंतर बघू.”

मग चहा घेतला.

दिवसभर दोघींनी मिळून गिऱ्हाइकांना फोन केले, सगळ्यांना. चोराने माझ्या मेलमधून कोणाकोणाला पत्र पाठवलं ते ‘पाठवलेले’मध्ये तसंच होतं. मी बोलायचे, वनिता पुढचा नंबर वाचून द्यायची. “मी नंदुरबारहून शोभा, आमचूरवाली. माझ्या नावाने एक खोटा मेल आला असेल. लिंक दाबू नका. दाबली असेल तर आत्ताच बँकेला कळवा.” पहिल्या काही फोनांना मी वाक्यं कागदावर लिहून वाचली. वनिताने मांडीवर हात ठेवला.

लोक किती चांगले असतात! बहुतेकांनी बटण दाबलंच नव्हतं. एक म्हणाले, तुमचं मराठी इतकं सरकारी नसतं. एका बाईंनी माझीच समजूत काढली, त्यांच्या जावयाचं असंच झालं होतं म्हणे. धुळ्याच्या एका मुलीने फोनवरच दोन किलोची ऑर्डर दिली. “पैसे कुठे भरू?” म्हणाली. मी म्हटलं, थांब, अजून कुठेच भरू नकोस. वनिता तोंडाला पदर लावून हसत सुटली.

एकाने मात्र पैसे भरले होते. नाशिकचे एक खानावळवाले. नेहमीचे, मोठी ऑर्डर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मी चोराला ओळखत नाही. मी तुमच्या नावावर भरले.” आणि फोन ठेवला.



वनिता मुक्कामाला राहिली. आई तिच्याशी अहिराणीत, ती आईंशी मराठीत, आणि दोघींचं चांगलं जमलं.

२६ मे, सोमवार
वनिताला घेऊन सायबर शाखेत. तिलाही बघायचं होतं. वळवी मॅडमनी तो मेल मोठ्या पडद्यावर लावला आणि पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं. मोबाइलवर नुसतं कंपनीचं नाव दिसतं. त्या नावावर दाबलं की खालचा खरा पत्ता उघडतो. कंपनीच्या नावात एका अक्षराच्या जागी तसाच दिसणारा आकडा, आणि पुढे भलतंच शेपूट. आता आंधळ्यालाही दिसेल असं. तेव्हा मी बघितलाच नाही.

वनिता म्हणाली, “एवढं तर हिला दिसलंच असतं, बघितलं असतं तर.”

मॅडम म्हणाल्या, “बघू नये म्हणूनच ‘आज सायंकाळपर्यंत’ लिहितात. खरी कंपनी माणसाला असं पळवत नाही.”

आणि शुक्रवारपासून पैसे अडकले होते ते का? माझ्या बँकेची यंत्रणा बिघडली होती म्हणून. एवढंच. चोराला ते माहीतही नव्हतं. त्याने हजारोंना पाठवला असेल, मी त्यात नेमकी काळजीत होते.

गेलेली रक्कम त्या बँकेत अडकलीय, सगळी नाही, बरीचशी. मॅडमनी सांगितलं तेव्हा मी हात जोडले. “अजून हातात आले नाहीत,” त्या म्हणाल्या. “कोर्टाचा हुकूम लागतो. वेळ जाईल.” जाऊ दे. आहेत ना कुठेतरी.

वनिता दुपारच्या जीपने गेली. बसताना म्हणाली, “यापुढे खात्याचं काही आलं की आधी मला फोन. मला त्यातलं कळो न कळो. बोलता बोलता तुला कळेल.”

२९ मे, गुरुवार
खातं सुरू झालं! खरा मेल आला, ‘शोभा’ने सुरू होणारा. तरी त्यातलं काही दाबलं नाही. ॲप उघडून आत बघितलं, तिथेही तेच लिहिलेलं. मग वनिताला फोन. ती म्हणाली, “मग बघ की, काय थांबलीस.”

वाचलेले पैसे बँकेत उतरले. लगेच धडगावला.

नाशिकवाल्यांचा माल पाठवून दिला आज, त्यांनी चोराला भरले ते मला मिळाले असं समजून. ह्यांना विचारलं तेव्हा हे म्हणाले, “पाठाडी दे.” सोबत चिठ्ठी लिहायला घेतली, चार वेळा फाडली. शेवटी नुसतं ‘तुमची ऑर्डर’ लिहिलं.

५ जून, गुरुवार
काल धडगावला जाऊन आले. लिहायला आज बसतेय.

जीपमध्ये मधल्या सीटवर चौघी, पुढे कोंबड्यांची टोपली. वळणावळणावर मी पुढे बोलायची वाक्यं मनात जुळवत होते. वनिताच्या अंगणात बायका बसल्या होत्या. काहींना मी इतकी वर्षं ओळखते, काहींचे फक्त हात ओळखते, फोडी कापायच्या पद्धतीवरून.

उभी राहिले. मी मराठीत सांगत गेले, वनिता तेच त्यांच्या पावरी बोलीत. मेल आला, मी घाबरले, दाबलं, तुमचे पैसे गेले, काही वाचले, काही अडकलेत. तिने कुठे काही मऊ केलं नसावं, कारण बायकांचे चेहरे माझ्या मराठीच्या थोडे मागून बदलत होते.

गेंदाबाई उठल्या. सगळ्यांत जुन्या. मोठ्याने बोलल्या, माझ्याकडे बघून. वनिताने जसंच्या तसं सांगितलं – “ती म्हणते, पुढच्या वर्षी मी माझा माल व्यापाऱ्याला देणार. तो कमी देतो, पण हातात देतो.”

मी म्हटलं, बरोबर आहे त्यांचं. वनिताने तेही सांगितलं. गेंदाबाई बसल्या. गेल्या नाहीत, पण माझ्याकडे बघितलंही नाही नंतर.

मग बराच वेळ बायकांचं आपसात. मला कळत नव्हतं. त्या दहा मिनिटांत मी अंगणातल्या सगळ्या मडक्यांकडे बघून घेतलं. शेवटी वनिता म्हणाली, “बाकीच्या आहेत. गेंदाबाईचं ती बघेल. पण एक सांगतात, तो खोटा कागद दाखव.”

मेल छापून नेला होता. हातोहात फिरला. ज्यांना वाचता येतं त्यांनी मोठ्याने वाचला. सुनीता म्हणून नवी सून आहे एक, दहावी झालेली, तिने आपला मोबाइल काढला. तिला परवाच मेसेज आलेला, बक्षीस लागलंय, लिंक दाबा. “मी ठेवून दिला होता, नवरा आला की दाबू म्हणून,” म्हणाली. सगळ्या ओरडल्या तिच्यावर. तिने सगळ्यांसमोर तो पुसून टाकला आणि नंतर हळूच मला विचारलं, नुसता वाचल्याने काही होत नाही ना? नाही, म्हटलं. वाचल्याने काही होत नाही. दाबल्याने होतं, आणि आकडा सांगितल्याने होतं.

ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, डाळीत त्यांचाच आमचूर. पोटभर जेवले. बऱ्याच दिवसांनी जेवणाची चव लागली.

येताना वनिता जीपपर्यंत आली.  जीप सुरू झाल्यावर खिडकीतून हात आत घालून माझा पदर नीट केला.

१४ जून, शनिवार
पुन्हा एक आला! ‘प्रिय खातेधारक, आपला परतावा मंजूर झाला आहे, मिळविण्यासाठी येथे दाबा.’ परतावा! कोर्टाकडे अडकलेल्या पैशांची वाट बघणारीला परतावा!

बोट बटणापर्यंत गेलं, खोटं कशाला बोलू. क्षणभर वाटलंच, हे तेच असेल. मग नावावर दाबून पत्ता उघडला. भलतंच काहीतरी. ॲपमध्ये बघितलं, काही नाही. वनिताला फोन, रेंज नाही. मग काकूंना वाचून दाखवला.

“प्रिय खातेधारक?” काकू म्हणाल्या. “चला, निदान ग्राहकावरून बढती मिळाली.”

पुसला नाही लगेच. वळवी मॅडमकडे पाठवला, मग पुसला.

३० जून, सोमवार
कोर्टाची तारीख पुढे गेली. मॅडम म्हणाल्या, येईल, धीर धरा. धरलाय.

नाशिकहून काही नाही. माल पोचल्याचं कुरियरवाल्याकडे दिसतं. सही त्यांचीच. बस. रागावून का होईना, ठेवून घेतला.

काकूंनी सोनीचा फोटो पाठवलाय. आमचुराच्या रिकाम्या खोक्यात बसलीय, डोळे मिटून. आईंनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, “हाई व्हय का ती, जिनी आपला पैसा वाचाडा?” म्हटलं, हो, हीच.

ह्या महिन्यात किती जणांनी किती काय केलं, लिहायला बसले तर वही संपेल. एवढं खरं की मी एकटी असते तर बुधवारी संध्याकाळपर्यंत आनंदात पुड्याच भरत बसले असते.

९ जुलै, बुधवार
दुपारी वळवी मॅडमचा फोन. “ताई, वेळ आहे का? इथे एक जण बसलेत. तक्रार न देताच परत निघालेत. तुम्ही बोलाल का?”

गेले. कोरीट गावचे निवृत्त मास्तर. पांढरा सदरा, हातात पिशवी, पिशवीत मोबाइल रुमालात गुंडाळलेला. सकाळी त्यांना मेल आलेला, त्यांचं पैसे भरायचं खातं बंद होणार म्हणून. त्यांनी सगळं भरलं. मग पैसे गेल्याचा मेसेज आला. तक्रार लगेच द्यायला हवी, जितका उशीर तितकं अवघड. पण खातं दोघांच्या नावावर, नवरा-बायकोच्या, आणि ते गोठवायला बायकोचाही होकार लागणार. तिला कळल्याशिवाय पुढे काही होईना. आणि मास्तर तिला सांगायला तयार नाहीत.

मला म्हणाले, “घर सांगू नका, माय. मी मास्तर व्हतू. गावले शिकाडं. आते गाव काय म्हनी?”

मी त्यांना माझं सगळं सांगितलं. निळं बटण, हिरवी खूण, शेवभाजी. ते खाली बघत ऐकत होते. शेवभाजीपाशी वर बघितलं. म्हणाले, “मी पेढा लई येल शे.” पिशवीत खरंच पेढे होते. खातं वाचलं म्हणून आणलेले.

मी म्हटलं, मास्तर, मी माझ्या मैत्रिणीला दोन दिवस उशिरा सांगितलं. पैशापेक्षा त्या दोन दिवसांचा राग आला तिला.

त्यांनी पेढ्यांचा पुडा पिशवीत पुन्हा खाली सारला. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं दाखवत होत्या. मग मास्तरांनी रुमाल सोडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन नंबर लावला.

“ऐकस का वं…” एवढं कानावर पडलं आणि मी उठून बाहेर आले. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं.

व्हरांड्यात उभी राहिले. दारातून दिसत होतं. मास्तर फोन कानाला लावून ऐकत होते, मान खाली. पलीकडून राग निघत होता की आणखी काही, कळायला मार्ग नव्हता. वळवी मॅडमनी तक्रारीचा कोरा अर्ज पुढे ओढला, पेन उघडलं आणि त्यांच्याकडे बघत थांबल्या.